ग्रुपवर टाकलं होतं ना?

माझी एक मैत्रीण ठाण्याजवळच्या एका खासगी शाळेत शिकवते. मागे एका वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत प्रवेशाच्या कामासाठी तिला अकरा दिवस शाळेत बोलावलं गेलं. मुख्याध्यापिकांनी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, या दिवसांची बदली रजा दिवाळीनंतर घ्या. सगळ्यांनी वाचलं, खाली अंगठे उमटले. दिवाळीपर्यंत मुख्याध्यापिका बदलल्या. डिसेंबरात मैत्रिणीने रजा मागितली तेव्हा नव्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तसं लेखी काही आहे का?" तिने ग्रुप उघडला तर मे महिन्यातलं काहीच नाही. 90 दिवसांनी संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय त्या ग्रुपवर चालू होती. ती कुणी, कधी चालू केली हे कुणालाच आठवत नव्हतं. इतर शिक्षिकांच्या फोनमध्येही तेच. अकरा दिवसांची रजा गेली ती गेलीच.

हे ऐकल्यापासून 'ईमेल आता जुना झाला' हे वाक्य मला पूर्वीसारखं निरुपद्रवी वाटत नाही. मी स्वतः गेली वीसएक वर्षं लेखा विभागात काम करतो. पगारपत्रक, रजा, ओव्हरटाइम, प्रवासाची बिलं हे माझं रोजचं. माझ्यासमोर येणाऱ्या दहा तक्रारींतल्या निम्म्या अशाच असतात: साहेबांनी सांगितलं होतं, ग्रुपवर टाकलं होतं, फोनवर 'हो' म्हणाले होते. माणूस खरं बोलतोय हे मला कळत असतं, पण त्याच्या खरेपणावर मला व्हाउचर करता येत नाही.

गप्पांचं, ख्यालीखुशालीचं, 'पोचलो', 'जेवलास का' याचं ठिकाण ईमेल राहिलेलं नाही. ते पुन्हा तसं होणारही नाही, आणि त्याबद्दल हळहळण्याचं मला कारण दिसत नाही. पण ज्या शब्दावर कुणाचा पगार, रजा, नोकरी, प्रवेश किंवा घर टांगलेलं आहे, तो शब्द ग्रुपवर सोडून द्यायची जी सवय आपल्याला लागली आहे, तिची किंमत बहुतेक वेळा दुबळ्या बाजूचा माणूस मोजतो. 'आता ईमेल कोण बघतं?' असं ज्यांच्या हातात हुकूम द्यायची सत्ता आहे ते म्हणू लागले, की मला काळजी वाटते.

आधी घरातलं सांगतो, कारण ईमेलवर माझा राग नाही आणि आंधळं प्रेमही नाही. 1998 साली माझा थोरला भाऊ न्यू जर्सीला गेला. विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते 15 ऑगस्ट 1995 ला, म्हणजे त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 1996 च्या जुलैत काढलेलं हॉटमेल तोवर सगळ्यांच्या तोंडी होतं. फुकट पत्ता मिळतो आणि तो जगात कुठूनही उघडता येतो, ही गोष्ट सांगलीतल्या आमच्या गल्लीत आश्चर्याने सांगितली जायची. बाबा दर शनिवारी सायबर कॅफेत जायचे. तिथे तासाचे पैसे पडायचे, म्हणून मजकूर आधी घरी वहीत लिहून न्यायचे आणि मग एका बोटाने रोमन अक्षरांत टंकायचे. 'चिरंजीव' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद' हे दोन्ही त्या रोमन अक्षरांत बसवले जायचे. भावाचं उत्तर छापून घरी आणलं, की आई चष्मा लावून वाचायला बसायची आणि 'काल' की 'काळ' इथे अडखळायची, कारण रोमनमध्ये दोन्ही सारखेच दिसतात.

आज तीच आई 79 वर्षांची आहे आणि नातवाला दिवसातून दोनदा आवाजी संदेश पाठवते. ईमेलने तिला हे कधीच दिलं नाही. तिला टंकता येत नव्हतं, पासवर्ड लक्षात राहत नव्हता. बोट दाबून बोलायचं आणि सोडायचं, एवढं तिला जमतं, आणि मुख्य म्हणजे तिच्या स्वतःच्या मराठीत जमतं. कुटुंबातून ईमेल गेला तो याच कारणाने. जे आलं ते आपल्या माणसांच्या जास्त जवळचं होतं. पत्राचा एक प्रकार मात्र त्याबरोबर गेला. 'पत्र लिहिण्यास कारण की' म्हणून सुरुवात करायची, आधी दोन्हीकडची खुशाली, मग मूळ विषय, शेवटी लहानांना आशीर्वाद, असा आठवड्याचा मजकूर एका बैठकीत लिहिणं. ते ईमेलमध्ये काही वर्षं टिकलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर टिकलं नाही. मला त्याची आठवण येते. पण केवळ तेवढ्यासाठी मी कुणाला ईमेलकडे परत या म्हणणार नाही.

कामाच्या जागी गोष्ट वेगळी आहे. ती समजून घ्यायला ईमेल मुळात काय आहे हे पाहावं लागतं. 1971 मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्यावर, एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश धाडला आणि माणसाचं नाव व यंत्राचं नाव यांच्या मध्ये '@' हे चिन्ह घातलं. पुढे 1982 मध्ये टपाल कसं द्यायचं-घ्यायचं याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, खुले लिहिले गेले. खुले म्हणजे कुणाच्याही मालकीचे नसलेले. त्यामुळे जीमेलवाला रेडिफवाल्याला लिहू शकतो, रेडिफवाला सरकारी पत्त्यावर लिहू शकतो, आणि मनात आणलं तर कुणीही स्वतःचा टपाल-सर्व्हर चालवू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून टेलिग्रामवर आपल्याला असं सहज लिहिता येत नाही. तिथे निरोप घेऊन जाणारा आणि रस्त्याचा मालक एकच आहे.

ही तांत्रिक बारीक गोष्ट नाही. गेल्या पंधरा वर्षांत ईमेलला मागे टाकतील असं ज्यांच्याबद्दल बोललं गेलं, त्यांची काय गत झाली ते पाहा. ऑर्कुट सप्टेंबर 2014 मध्ये बंद झालं. याहू मेसेंजर जुलै 2018 मध्ये. कॉलेजच्या पोरांनी जिच्यासाठी ब्लॅकबेरी घेतले ती बीबीएम सेवा 2019 मध्ये. आपल्याकडचं हाइक जानेवारी 2021 मध्ये. गूगल हँगआउट्स 2022 मध्ये गेलं. परदेशातल्या मुलांशी बोलायला अनेक घरांत ज्याचा आधार होता ते स्काइप मे 2025 मध्ये. यातल्या प्रत्येकात लोकांनी मनातलं लिहिलं होतं, काहींनी व्यवहारही केले होते. ज्यांनी मुदतीत उतरवून घेतलं त्यांचं राहिलं, बाकीच्यांचं गेलं. त्याच काळात ईमेलच्या कंपन्या बदलल्या, खाली-वर झाल्या, पण ईमेल संपला नाही, कारण तो बंद करण्याचा अधिकार कुठल्याच एका कंपनीकडे नाही.

ताजं उदाहरण आपल्या सरकारचंच आहे. केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल गेल्या काही काळात एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेच्या यंत्रणेवरून झोहो या भारतीय कंपनीच्या मंचावर नेले गेले. इतका मोठा बदल झाला, पण अधिकाऱ्यांचे पत्ते तेच राहिले. पुढचं 'जीओव्ही डॉट इन' आणि 'एनआयसी डॉट इन' हलवावं लागलं नाही. ठेकेदार बदलला आणि दारावरची पाटी तशीच राहिली. आता कल्पना करा, एखाद्या जिल्हा परिषदेचं सगळं काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर चाललं आहे आणि उद्या ते दुसरीकडे न्यायचं ठरलं. काय काय नेता येईल? ग्रुप ज्या साहेबांच्या खासगी नंबरवरून उघडला होता, ते निवृत्त झाले असतील तर?

4 ऑक्टोबर 2021 ची रात्र अनेकांना आठवत असेल. फेसबुकच्या अंतर्गत जाळ्यातली देखभाल चुकली, जगाला त्यांचे सर्व्हर दिसेनासे झाले आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप साधारण सहा तास ठप्प होते. आमच्या कार्यालयात दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीचा निरोप चालकांपर्यंत पोचलाच नव्हता. दोष कुणाला द्यायचा? सहा तासांचा खोळंबा हा यंत्राचा अपघात होता. एकाच दोरीला सगळं बांधण्याचा निर्णय मात्र आमचा होता.

सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला बारनिशी म्हणजे काय ते सांगायला नको. येणारा प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढतो, जाणारा जावक क्रमांक घेऊन जातो. अर्ज देणारा दुसरी प्रत पुढे करतो आणि तिच्यावर शिक्का मारून घेतो. ती शिक्क्याची प्रत, पोच, गरीब माणसाच्या पेटीत वर्षानुवर्षं जपलेली असते. मी असे शेतकरी पाहिलेत ज्यांना सात-बारातली चूक दुरुस्त करायला अर्ज कधी दिला ते तोंडपाठ आहे, कारण पोच जपली आहे. ईमेलने ही पोच सामान्य नोकरदाराच्या खिशात आणली. पाठवलेलं 'सेंट'मध्ये तारीख-वेळेसह राहतं. आलेलं पाठवणाऱ्याला सहसा परत ओढता येत नाही. 'प्रत माहितीस्तव' कुणाकुणाला गेली तेही वर दिसतं. माझ्या मते ईमेलचं आजचं सगळ्यात मोठं काम हेच आहे: ज्याच्याकडे बारनिशी नाही, त्याची ती बारनिशी आहे.

आता ग्रुपकडे पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश जवळपास अडीच दिवसांपर्यंत 'सर्वांसाठी' पुसता येतो. 2023 पासून पंधरा मिनिटांत तो बदलताही येतो. ग्रुपचा अ‍ॅडमिन दुसऱ्याने लिहिलेलंही सगळ्यांच्या फोनवरून काढू शकतो. गप्पांसाठी या सोयी चांगल्याच आहेत. रागाच्या भरात लिहिलेलं मागे घेता यावं असं कुणाला वाटत नाही? पण हुकूम देणारा आणि अ‍ॅडमिन एकच असेल, तर नोंदवही, खोडरबर आणि शिक्का तिन्ही त्याच्याच हातात जातात. शिक्षकांना निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या, माहिती भरण्याच्या कामाचे निरोप रात्री ग्रुपवर येतात आणि सकाळी 'काम का झालं नाही' म्हणून विचारणा होते. आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांचंही कितीतरी काम असंच ग्रुपवरून चालतं. निरोप आला तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती हे त्या ताईने कसं सिद्ध करायचं? आणि सांगितलेलं काम करूनही भत्ता अडला, तर काम सांगितलं होतं हे कसं?

इथे कुणी म्हणेल, कायदा तर व्हॉट्सअ‍ॅपही मानतो. खरं आहे. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर एका प्रकरणात बजावणीची नोटीस पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती; ती पोचली आणि उघडली गेली हे निळ्या खुणांवरून दिसतं, म्हणून ती बजावली गेली असं धरलं गेलं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 पासून इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता देतो, आणि तो एकट्या ईमेलपुरता बोलत नाही. पण न्यायालयात नुसतं 'माझ्या फोनमध्ये होतं' म्हणून भागत नाही. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला चालला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 ला स्पष्ट सांगितलं, की मूळ यंत्र हजर न करता इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची असेल तर ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली हे सांगणारं कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती अट कलम 63 मध्ये कायम आहे. मूळ यंत्र म्हणजे इथे काय? एका शिक्षिकेचा चार वर्षांत दोनदा बदललेला फोन. ईमेललाही प्रमाणपत्र लागतंच, पण फोन फुटला तरी ईमेल आपल्या खात्यात असतो, तारखेने शोधता येतो, आणि त्याच्यासोबतच्या तांत्रिक नोंदीत (हेडरमध्ये) तो कुठून कुठे गेला याची वाट लिहिलेली असते. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ईमेलवरून ठरलेला करार सही-शिक्क्याच्या कागदाशिवायही पक्का मानला. माझ्या मैत्रिणीला करार नको होता. 'अकरा दिवस, बदली रजा मंजूर' एवढी एक ओळ तिला पुरली असती.

एक गोष्ट मात्र ईमेलच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही लपवू नये. कार्यालयाने दिलेला पत्ता आपला नसतो. राजीनामा दिला की त्याच संध्याकाळी खातं बंद होतं आणि दहा वर्षांची पोच आत राहते. म्हणून नेमणूक, पगारवाढ, रजा, कामाचं मूल्यमापन याबद्दलचं पत्र कर्मचाऱ्याच्या खासगी पत्त्यावरही गेलं पाहिजे, असं मी आमच्याकडे आग्रहाने मांडत आलो आहे. गोपनीय धंद्याची कागदपत्रं नव्हेत. ज्या कागदात त्या माणसाचाच हक्क लिहिला आहे तेवढेच. याला कुणी मनुष्यबळ अधिकाऱ्याने तत्त्वतः विरोध केलेला मला आठवत नाही. करायचं राहून जातं, एवढंच.

ईमेलचे दोषही मोठे आहेत, आणि ते नाकारून बाजू मांडता येणार नाही. 1978 च्या मे महिन्यात गॅरी थुर्क या विक्री-माणसाने अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या कंपनीच्या संगणकाची जाहिरात एकदम पाठवली, तिथपासून कचरा साचतोच आहे. आजही जगातल्या ईमेलमधला निम्म्याच्या आसपास कचरा असतो. बँकेच्या नावाने येणारी फसवी पत्रं त्याच दाराने येतात. कार्यालयात तर आपणच आपल्याला बुडवतो. विषयाच्या ओळीत 'रिप्लाय, रिप्लाय, फॉरवर्ड', बावीस जणांना प्रत, आणि साहेबांना दिसावं म्हणून 'नोटेड' एवढंच उत्तर. फ्रान्सच्या अ‍ॅटोस कंपनीचे प्रमुख थिएरी ब्रेतों यांनी 2011 मध्ये कंपनीतला अंतर्गत ईमेल तीन वर्षांत शून्यावर आणू असं जाहीर केलं, ते अशाच वैतागातून. प्रमाण बरंच घटलं, शून्य काही झालं नाही. मला त्यात अपयश दिसत नाही. घटलं ते चर्चेचं ओझं, आणि ते घटायलाच हवं होतं. 'फाइल कुठे आहे', 'मीटिंग किती वाजता', 'जरा बघून सांग' यांना ईमेल लागत नाही. स्लॅक, टीम्स, गूगल चॅट या कार्यालयीन गप्पांच्या सोयींनी ते काम उचललं, ते उत्तम झालं. त्या गर्दीतून ईमेल मोकळा झाला तर त्यातलं महत्त्वाचं पत्र तरी दिसेल.

वेळेचा मुद्दा मला फार जवळचा आहे. ईमेल वाट पाहतो. रात्री अकराला आलेला ईमेल सकाळी दहाला वाचला तर कुणी अपमान मानत नाही. ग्रुपवरचा निरोप मात्र वाचल्याची खूण घेऊन बसतो. वाचलं तर उत्तर द्यावं लागतं, नाही वाचलं तर का नाही हे सांगावं लागतं. फ्रान्सने 1 जानेवारी 2017 पासून मोठ्या कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क दिला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये असंच खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा अनेकांना ते परदेशी चोचले वाटले होते. नवऱ्याचं ताट वाढताना एक डोळा ग्रुपवर ठेवणाऱ्या अंगणवाडीसेविकेला विचारा, तिला ते चोचले वाटतात का.

आणि आता जी अडचण मला स्वतःला सगळ्यात जड जाते ती. या ताईकडे ईमेल आहे का? बहुतेक वेळा तिच्या नावाने एक पत्ता असतो. फोन सुरू करताना दुकानातल्या मुलाने काढून दिलेला, पासवर्ड त्यालाच ठाऊक. आपल्याकडे कितीतरी लोक संगणकाच्या वाटेने इंटरनेटवर आलेच नाहीत. ते थेट मोबाइलवर आले, आणि मोबाइल म्हणजे नंबर. ईमेल इंग्रजी शिकलेल्यांचा राहिला. पत्ता रोमन अक्षरांत, विषयाची ओळ इंग्रजीत, शेवटी 'रिगार्ड्स'. मग 'महत्त्वाचं ते ईमेलवर द्या' असं मी म्हणतो, तेव्हा मी नकळत तिला बाहेर ठेवतो का? हा आक्षेप मला खरा वाटतो. पण त्यावरचा उपाय तिला ग्रुपवरच ठेवणं हा नाही.

देवनागरीत ईमेल पत्ता असू शकतो. त्याचे तांत्रिक नियम 2012 मध्येच ठरले आहेत, '.भारत' हे देवनागरी क्षेत्रनाम 2014 पासून मिळतं, आणि राजस्थान सरकारने आपल्या नागरिकांना हिंदीत पत्ते देऊनही दाखवले. अडतं ते इतर ठिकाणी: अर्जाच्या रकान्यात देवनागरी पत्ता टाकला की 'अवैध' म्हणून लाल अक्षरं येतात. हे दुरुस्त करणं अवघड नाही. महाराष्ट्रात मराठीला राज्यकारभारात स्थान देणारा कायदा 1964 चा आहे. मराठी शाळेत शिकलेल्या बाईला सरकारी पत्ता मराठीत मिळावा, ही त्याच वाटेवरची मागणी आहे.

राज्य सरकारने प्रत्येक आशाताई, अंगणवाडीसेविका, शिक्षक आणि कंत्राटी कर्मचाऱ्याला तिच्या नावाचा, मराठीत लिहिता-वाचता येईल असा एक पत्ता द्यावा. तो बदली झाली, कंत्राटदार बदलला किंवा फोन बदलला तरी तिच्याकडेच राहावा. ग्रुपवर निरोप जरूर द्या. वेगासाठी तो बरा आहे. पण ज्या निरोपामुळे काम, वेळ, पैसा किंवा शिस्तभंग यांपैकी काहीही उद्भवतं, तो त्याच दिवशी, त्याच शब्दांत, अधिकाऱ्याच्या नावासह तिच्या पत्त्यावर गेला पाहिजे. नाही गेला तर तिच्यावर त्याची कारवाई करता येऊ नये. गावातल्या आपले सरकार केंद्रात तिला पासवर्ड बदलायला आणि आलेलं पत्र छापून घ्यायला अर्धा तास शिकवावं. ते छापलेलं पत्र ती कुठे ठेवेल ते मला माहीत आहे. रेशनकार्ड, पोरांचे दाखले आणि शिक्का मारलेल्या अर्जांच्या त्याच पिशवीत.